गाणं थांबलं आणि चर्चला जावंसंच वाटेना

पत्र:

“मी मूळची नगरची, लग्नानंतर पुण्यात. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायकवृंदात कित्येक वर्षं गाते. पावसाळ्यात आवाज बसला आणि डॉक्टरांनी काही महिने गाणं बंद करायला सांगितलं. तेव्हापासून खाली बाकावर बसते, आणि रविवार उजाडला की जावंसंच वाटत नाही. मग स्वतःला विचारायला लागले, इतकी वर्षं जात होते ती कशासाठी? उत्तरं अशी आली: गाण्यासाठी. लोकांनी ‘छान गायलात’ म्हणावं म्हणून. सासूबाईंना बरं वाटावं म्हणून. मुलीचं लग्नाचं वय झालंय, चार लोकांच्या नजरेत राहावं म्हणून. अर्पणाच्या थैलीत नोट टाकते तीसुद्धा पाचशेची आहे हे शेजारणीला दिसेल अशी. दोन बाकं पुढे माझी जाऊ बसते, शेताच्या वाटणीपासून आमचं बोलणं नाही, पण तो वेगळा विषय. माझी पणजी दुष्काळात मिशनच्या बोर्डिंगात आली. लोक तिला भाकरीसाठी बाटली म्हणायचे. तिला निदान भूक तरी होती. मी कशासाठी जाते? गेल्या दोन प्रभुभोजनांना, चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, मी ते घ्यायला जागची उठले नाही. हे ढोंग थांबवून जाणंच बंद करावं का?”

प्रिय ताई, सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. जाणं बंद करू नका. आणि पुढच्या प्रभुभोजनाला उठा. का, ते सांगते. पण त्याआधी तुमच्या पणजीबद्दल बोलायला हवं, कारण पत्रातली ती ओळ मला फार लागली.

‘भाकरीसाठी बाटले’ हे आपल्याकडच्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, आणि सावरायच्या आत १८९९-१९०० चा. त्यात ज्यांना मिशनच्या कामावर, अनाथालयात, बोर्डिंगात आसरा मिळाला त्यांतले पुष्कळ जण ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या हेतूची चौकशी गाव करत राहिलं. अजूनही कुणी ना कुणी करतंच. ती चौकशी ऐकत आपण वाढलो. आता बाहेरचं कुणी विचारत नसताना तुम्ही तीच चौकशी स्वतःची लावली आहे, आणि पणजीला तेवढी भुकेपोटी माफी दिली आहे.

तिला माफीची गरज आहे असं मला वाटत नाही. पोटाची भूक घेऊन देवाकडे येणं कमी दर्जाचं आहे असं शुभवर्तमानात मला कुठे सापडत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घातल्यानंतर दुसऱ्या दिवशी लोक येशूला शोधत कफर्णहूमला आले. त्याने तोंडावर सांगितलं, तुम्ही मला शोधता ते भाकरी खाऊन पोट भरलं म्हणून. हेतू उघडा पाडला, पण कुणाला हाकललं नाही. जीवनाच्या भाकरीबद्दल तो जे बोलला ते याच लोकांशी, याच बोलण्यात. पुढे त्यांतले बरेच निघून गेले, ते आपणहून गेले. आणि उधळ्या पुत्राची गोष्ट तर आपण संडे स्कूलपासून ऐकतो. तो पोरगा परत कशाला निघाला? बापाच्या आठवणीने जीव कासावीस झाला म्हणून निघाला असं लूकने लिहिलेलं नाही. बापाच्या मजुरांना पोटभर भाकरी मिळते आणि मी इथे उपाशी मरतोय, असा सरळ हिशोब करून तो उठला. काय बोलायचं तेही आधी ठरवून ठेवलं. बाप धावत गेला, गळ्यात पडला, आणि ठरवून आणलेलं बोलणं त्याने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ‘कशाला आलास?’ हा प्रश्न त्या घरात निघालाच नाही. हिशोब काढला तो थोरल्या भावाने.

आणखी एक घटना सांगते, आपल्या मुलखातली नाही, तेलुगू मुलखातली. ओंगोलला जॉन क्लाऊ नावाचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होते. १८७६-७८ च्या दुष्काळात त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईतला एक तुकडा कंत्राटाने घेतला आणि उपाशी माणसांना काम दिलं. माणसं बाप्तिस्मा मागायला लागली. क्लाऊंनी नाही म्हटलं. मदतीचं काम चालू आहे तोवर कुणाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, उद्या कुणी म्हणायला नको की भाकरीसाठी आले. काम संपलं, द्यायला हातात काही उरलं नाही, तरी लोक आले. ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे भुकेने आलेल्या माणसांच्या मनात मधल्या काळात दुसरंही काही रुजलं होतं. भूक खोटी नव्हती, आणि ते दुसरंही खोटं नव्हतं.

तुमच्या बाबतीत आवाज बसला आणि तुमची भाकरी बंद झाली. गाणं गेलं, कौतुक गेलं, वर उभं राहणं गेलं. जावंसं वाटेना. पण ताई, तुम्ही गेलात. इतके महिने, रविवार चुकवल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. याला तुम्ही सवय म्हणाल. म्हणा. मला सवयीबद्दल आदर आहे. मन कोरडं असताना पाय ज्या वाटेने जातात ती वाट आधी कधीतरी प्रेमानेच पाडलेली असते.

मेथडिस्ट मंडळ्यांचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांनी २४ मे १७३८ च्या संध्याकाळबद्दल लिहून ठेवलंय की लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेला ते अगदी नाखुशीने गेले. तिथे कुणीतरी रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. त्या संध्याकाळी त्यांना जे मिळालं त्यातून पुढे अख्खी चळवळ उभी राहिली. नाखुशीने गेले होते! पुढे संत आणि मोठा ख्रिस्ती विचारवंत झालेल्या ऑगस्टीनचं तर आणखीच वेगळं. ३८४ साली मिलानमध्ये तो वक्तृत्वाचा प्राध्यापक म्हणून आला आणि बिशप अँब्रोजचं प्रवचन ऐकायला जाऊ लागला, ते फक्त हा माणूस खरंच इतका चांगला बोलतो का ते पाहायला. काय बोलतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, हे त्याने स्वतःच कबूल केलंय. शब्दांच्या मागून अर्थ आत शिरला, त्याला अडवता आला नाही. ३८७ च्या पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, अँब्रोजच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक? त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या त्या नवऱ्यासाठी, संसारासाठी, मुलासाठी. सोवळंओवळं बरोबर घेऊन आल्या. ते गळून पडायला आणि त्यांची स्वतःची श्रद्धा उगवायला वेळ लागला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. आल्या तेव्हाच्या हेतूवरून त्यांना कुणी जोखलं असतं तर केवढी चूक झाली असती!

आता तुमची यादी. तुम्ही सगळी कारणं एकाच टोपलीत टाकून सगळ्यांवर ‘ढोंग’ अशी चिठ्ठी लावली आहे. ती जरा वेगवेगळी करू.

सासूबाईंना बरं वाटावं म्हणून जाणं यात ढोंग काय आहे? म्हाताऱ्या माणसाचा हात धरून तिला बाकापर्यंत नेणं ही माझ्या लेखी उपासनाच आहे. माणसं भेटावीत म्हणून जाणं, यातही काही वावगं नाही. इब्री लोकांस पत्रात एकत्र जमणं सोडू नका असं सांगितलंय ना, तिथे कारणही दिलंय: एकमेकांना उत्तेजन द्यायला. गाव सोडून पुण्यात आलेल्या बाईला आपली भाषा, आपली गाणी, आपली माणसं आठवड्यातून एकदा हवीशी वाटली तर त्याबद्दल देवाची माफी मागत बसू नये.

मुलीच्या लग्नाचं म्हणाल तर ती काळजी उघड बोला. पाळकांशी बोला, महिला मंडळात बोला. मंडळीत आपली नोंद असावी, वर्गणी चुकू नये, उद्या लग्नाच्या चिठ्ठ्या, म्हणजे लग्नाची जाहीर सूचना, चर्चमध्ये वाचायच्या वेळी, पुढे मातीच्या म्हणजे दफनाच्या वेळी अडचण येऊ नये, हे विचार प्रत्येक घरात असतात. मनात दडवले की ते कुजतात. एवढंच पाहा की मुलीला तुम्ही रविवारी देवापुढे नेताय की स्थळांपुढे. हे तिलाच विचारा, ती खरं सांगेल. ती म्हणाली की आई, मला तिथे मांडून ठेवल्यासारखं वाटतं, तर रागावू नका.

गाणं. याबद्दल तुम्ही स्वतःशी फार कठोर वागता आहात. टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, आपल्या गीतपुस्तकात ती आजही आहेत, आणि ती लिहिली तीच मुळी आपल्या माणसांच्या गळ्याला आणि कानाला रुचावीत म्हणून. परक्या चालींवर मराठी शब्द बसवलेली गाणी गाऊन आपला माणूस आतून हलत नाही, हे त्यांना कळलं होतं. म्हणजे गोडी त्यांनी जाणूनबुजून घातली आहे. ती तुम्हाला लागली हा गुन्हा कसा? मघाचा ऑगस्टीनही यावर अडखळला होता. गाण्यातल्या शब्दांपेक्षा आवाजच मला जास्त हलवतो तेव्हा मी पाप करतो, असं त्याने लिहिलं. पण याच गाण्यांनी सुरुवातीला आपले डोळे वाहिले होते हेही तो विसरला नाही, आणि शेवटी चर्चमध्ये गाणं असावं याच बाजूला तो झुकला. इतक्या काटेकोर माणसाने जर तेवढी मोकळीक ठेवली, तर तुम्ही आम्ही ठेवायला हरकत नाही. कौतुक आवडतं? आवडू द्या. कुणी ‘छान गायलात’ म्हटलं तर ‘थँक्यू’ म्हणा आणि पुढचा आठवडा त्यावर काढू नका.

राहिली पाचशेची नोट. ही मात्र सोडा, आणि येत्या रविवारीच सोडा. डोंगरावरच्या प्रवचनात येशू दानाबद्दल बोलतो तेव्हा तो भावना तपासायला सांगत नाही, कृती बदलायला सांगतो: उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. अर्पण घरूनच पाकिटात घालून न्या. पाकिटावर नाव घालू नका. थैली समोर आली की पाकीट आत, बस. ‘आता मी गुपचूप देते’ याचाही थोडा अभिमान पहिल्या पहिल्यांदा वाटेल. वाटू दे, तो पाकिटाच्या आत काय आहे ते बदलू शकत नाही, आणि काही महिन्यांत आपोआप विरतो.

इथपर्यंत सगळं तुम्ही विचारलेलं. आता जे तुम्ही विचारलं नाही त्यावर येते.

तुमच्या पत्रात गायकवृंदावर इतकं आहे, नोटेवर आहे, पणजीवर आहे. जावेवर एक वाक्य आहे आणि त्याच्या शेवटी ‘पण तो वेगळा विषय’. ताई, तो वेगळा विषय नाही. मला तर वाटतं की विषय तोच आहे.

आत्मपरीक्षण करून मग प्रभुभोजन घ्यावं, हे वचन तुमच्या मनात असणार, म्हणूनच तुम्ही जागची उठला नाहीत. करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय. तो पुन्हा वाचा, पण अठ्ठाविसाव्या ओवीपासून नको, सतराव्यापासून वाचा. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल कशावर चिडलाय? करिंथच्या मंडळीत खातेपीते लोक आपापलं जेवण आधी उरकत आणि गरीब मागून येऊन उपाशी राहत. एक भुकेला, एक पिऊन तर्र. तुमच्या मनात भक्तीचा भाव पुरेसा शुद्ध नाही, अशी पौलाची तक्रार नाहीच. शेजारी बसलेल्या माणसाची तुम्ही किंमत ठेवली नाही, ही तक्रार आहे. आणि मग तो म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि त्यानंतर भाकर खावी. परीक्षा करून घरी बसावं असं तो सांगत नाही. परीक्षेची वाट प्रभुभोजनाच्या मेजाकडेच जाते, फक्त ती शेजाऱ्यावरून जाते.

स्कॉटिश परंपरेच्या मंडळ्यांत पूर्वी प्रभुभोजनाच्या आधी तयारीची उपासना असे. मेजाशी येणाऱ्यांना धातूचे छोटे बिल्ले दिले जात, आणि दोन घरांत भांडण असलं तर मंडळीचे वडील, म्हणजे निवडलेले कारभारी, आधी समेट करायला लावत. त्यात जाचही होता, ती पद्धत परत यावी असं मी म्हणणार नाही. पण त्या वडील मंडळींना एक पक्कं कळलं होतं. माणसाच्या हृदयात कोणता हेतू किती आहे हे कुणाला मोजता येत नाही. पण हा त्याच्याशी बोलतो की नाही, हे सगळ्या गावाला दिसतं.

तुम्ही मोजता न येणारं मोजत बसला आहात. मी रागाने लिहीत नाहीये, हे कृपया समजून घ्या. मन प्रामाणिक असलं की त्याला असलं मोजमाप आवडतं, कारण त्यात त्रास होतो आणि त्रास झाला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. गाण्याबद्दल, कौतुकाबद्दल स्वतःला दोष देणं कठीण वाटलं तरी ते एकट्याने, घरात बसून करता येतं. जावेच्या दाराशी जाणं तसं करता येत नाही. रविवारी जावंसं वाटत नाही याचं कारण गाणं बंद झालं एवढंच आहे का, हेही एकदा पाहा. वर गायकवृंदात उभं राहिलं की नजर पुस्तकावर आणि पेटीवाल्याकडे. खाली बाकावर बसलं की समोर तिची पाठ. दीड तास.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण घेऊन गेलेल्या माणसाला येशू सांगतो की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. चूक कुणाची होती यावर त्या वचनात शब्दही नाही.

तर जा. रविवारी, उपासनेनंतरच्या गर्दीत नको, तिथे दहा कान असतात. आधी फोन करा, ‘घरी येऊ का?’ एवढंच विचारा. जाताना सातबारा, मोजणीचे कागद, वकिलाची नोटीस काही नेऊ नका, आणि बोलताना वाटणीचा ‘व’ही काढू नका. शेताचा हक्क सोडा असं मी सांगत नाहीये. तुमचा वाटा न्याय्य असेल तर तो जरूर मागा, कागदावर मागा, तो कारभार नवऱ्याने आणि दिराने बसून करायचा की कोर्टाने, ते वेगळं ठरू दे. तुम्ही जायचं ते बोलणं सुरू करायला. ‘आपलं बोलणं बंद आहे याचं मला वाईट वाटतं, माझ्या तोंडून त्या वेळी जे गेलं त्याची माफी मागते’, यापलीकडे फार बोलावं लागणार नाही. तुमच्या तोंडून काय गेलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. नेमकं तेच म्हणा, मोघम नको.

तिने दार उघडलं नाही, फोन ठेवला, वरून चार शब्द सुनावले, असंही होईल. रोमकरांस पत्रात ‘तुमच्याकडून होईल तितकं’ सर्वांशी शांतीने राहा असं आहे. तिच्याकडून काय होईल याची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली नाही. तुम्ही जाऊन आलात की मेजाशी जाताना थांबायचं कारण उरत नाही. आणि समजा पहिल्या रविवारपर्यंत धीरच झाला नाही, तरी उठा. ‘प्रभू, मला जायचंय आणि माझे पाय उचलत नाहीत’ एवढं म्हणून भाकर घ्या. माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर, असं म्हणणाऱ्या बापाच्या मुलाला येशूने बरं केलंच.

हेतू तपासायचेच असतील तर शनिवारी रात्री दहा मिनिटं द्या, त्याहून जास्त नको. एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र शेवटून दोन ओव्या वाचा. तिथे दावीद ‘माझं हृदय तू जाण’ असं देवाला म्हणतो. स्वतःचं हृदय स्वतः उलगडायचा खटाटोप तो करत नाही. पौलानेही लिहिलंय की मी स्वतःचाही न्याय करत नाही. एवढा मोठा प्रेषित, आणि हे काम त्याने सोडून दिलं. दहा मिनिटं झाली की दिवा मालवा आणि झोपा.

डॉक्टरांनी परवानगी दिली की गायकवृंदात परत जा. तिथे कुणाला काही समजावून सांगायची, ‘मी आता वेगळ्या भावनेने गाते’ अशी साक्ष द्यायची गरज नाही. आवाज आधीसारखा लागला नाही तर मागच्या ओळीत उभ्या राहा आणि खालच्या पट्टीत गा. पण त्याआधी, अजून खाली बसताय तोवर, तो फोन करा. काय झालं ते मला कळवावंसं वाटलं तर कळवा. नाही कळवलं तरी चालेल.

तुमची,
ताई